चाळीस मिनिटांचा चान्स

प्लेऑफ आले की प्रत्येक ऑफिसात दोन पार्ट्या पडतात. तुम्हीही पाहिलं असेल. एक पार्टी टेबल टॉपरवाल्यांची. किती मॅच जिंकल्या, किती पॉइंट्स झाले, कोण फॉर्मात आहे, सगळा हिशोब यांच्याकडे तयार. दुसरी पार्टी ‘बघाच आता गंमत’वाल्यांची. यांच्याकडे हिशोब नसतो, नुसता आवाज असतो. मी जन्मापासून या दुसऱ्या पार्टीची मेंबर. लिंबूटिंबू टीम दिसली रे दिसली की आपला सपोर्ट तिला. का, ते विचारू नका. बहुतेक अप्रेझलचा परिणाम असावा.

पण नुसता सपोर्ट करण्यापेक्षा एकदा प्रश्न नीट विचारायला हवा. लिंबूटिंबू टीम नॉकआऊटमध्ये दादा टीमला खरंच पाडू शकते का? आणि पाडते तेव्हा ते निव्वळ नशीब असतं, की त्यामागे काही फंडा असतो?

ऑफिसातले बास्केटबॉलवाले लगेच एनबीए काढतात. चालेल, तिथेही जाऊ. पण आपल्या मातीतला खेळ असताना उसना कशाला? आपण कबड्डीपासून सुरुवात करू.

कोची, डिसेंबर २०१८

प्रो कबड्डीचा सहावा सीझन. दोन झोन होते. आपली यू मुंबा झोन ‘ए’मध्ये ८६ पॉइंट्स घेऊन दुसरी. समोर यूपी योद्धा, झोन ‘बी’मध्ये ५७ पॉइंट्सवर तिसरी आणि शेवटच्या क्षणी कशीबशी आत शिरलेली. ८६ विरुद्ध ५७! ही काय मॅच आहे?

त्यात यू मुंबाकडे सिद्धार्थ देसाई. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडकडचा हा पोरगा पहिल्याच सीझनमध्ये रेडिंगचे २१८ पॉइंट्स घेऊन बसलेला. ३६.४ लाखांना घेतलेल्या या प्लेअरने पुरेपूर वसुली करून दिली होती. मागे बचावाला कॅप्टन फझल अत्राचली, म्हणजे इराणची भिंत.

निकाल काय लागला? यूपी योद्धा ३४, यू मुंबा २९. मुंबईकरांची पार्टी एका रात्रीत खलास.

यूपीचा कॅप्टन होता रिशांक देवाडिगा. आपल्याच मुंबईचा आणि आधी यू मुंबाकडूनच खेळलेला. जुन्या कंपनीची सगळी गुपितं माहीत असलेला माणूस समोरच्या टेबलावर बसला की काय होतं, हे नोकरी करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. शिवाय यूपीच्या बचावाच्या कोपऱ्यात नितेश कुमार. त्या सीझनमध्ये त्याने पकडीचे १०० पॉइंट्स घेतले. एका सीझनमध्ये पकडींचं शतक तोवर कुणीच केलं नव्हतं.

म्हणजे जरा बारकाईने पाहिलं तर ५७ पॉइंट्सवाली टीम तितकीही लिंबूटिंबू नव्हती. तिच्याकडे लीगमधली एक गोष्ट बेस्ट होती. पॉइंट्स टेबल सांगतं ते सगळ्या सीझनचं अ‍ॅव्हरेज. एका रात्रीला अ‍ॅव्हरेज लागत नाही. त्या रात्री समोरच्याला जे नकोसं वाटतं, ते तुमच्याकडे आहे का, एवढाच प्रश्न असतो.

थोडं गणित, टेन्शन नको

आता बास्केटबॉलवाल्यांकडे येऊ. एनबीएमध्ये १९८४ पासून प्लेऑफला १६ टीम्स असतात. तेव्हापासून २०२३ पर्यंत आठव्या नंबरच्या टीमने पहिल्या नंबरला पाडलं, असं फक्त सहा वेळा घडलं. सहा! सगळ्यात गाजलेली केस २००७ ची. डॅलस मॅव्हरिक्स ८२ पैकी ६७ मॅच जिंकून आलेली, गोल्डन स्टेट वॉरियर्स कशाबशा ४२ जिंकून. वॉरियर्सने सीरिज ४-२ अशी मारली. २०२३ ला मायामी हीटने मिलवॉकी बक्सला ४-१ असं घरी पाठवलं.

एवढ्या वर्षांत सहाच वेळा, कारण एनबीएचा प्लेऑफ एका मॅचचा नसतो. सातपैकी चार जिंकाव्या लागतात. समजा, तुमची टीम समोरच्या दादा टीमला शंभरात तीस वेळा हरवू शकते. एकच मॅच असेल तर चान्स ३० टक्के. बऱ्यापैकी झाला की! पण सातपैकी चार जिंकायच्या म्हटल्यावर तोच चान्स जेमतेम १३ टक्क्यांवर येतो. टीम तीच, प्लेअर तेच. मॅचेस वाढल्या की नशिबाला आपली जागा कळते.

कबड्डीत याच्या उलट. प्लेऑफमध्ये बहुतेक वेळा एकच मॅच. वीस मिनिटं, पाच मिनिटं ब्रेक, पुन्हा वीस मिनिटं. चाळीस मिनिटांत सीझनचा निकाल. दादा टीमचा मेन रेडर सुरुवातीलाच बाहेर बसला, किंवा एखादा रिव्ह्यू विरोधात गेला, की भरून काढायला उद्याची मॅच नसते.

म्हणून लिंबूटिंबू टीमच्या कोचने पहिली गोष्ट करायची ती ही, की मॅच आणखी छोटी करायची. ते कसं करायचं, हे मला कुठल्याही एक्स्पर्टने शिकवलं नाही. हे मी कासूला शिकले.

पेणच्या पुढचं स्टेशन

कासू म्हणजे दिवा-रोहा गाडीने पेण सोडलं की लागणारं स्टेशन. त्याच्या पुढे नागोठणे. रोडने गेलात तर तोच मुंबई-गोवा हायवे, ज्याच्या चौपदरीकरणावर जोक करत आमची अख्खी पिढी मोठी झाली. पेण म्हटलं की तुम्हाला गणपती आणि पोह्यांचे पापड आठवतात. मला आठवते ती भातकापणीनंतरची कबड्डी. शेतं मोकळी झाली की या पट्ट्यात गावोगावी टुर्नामेंट सुरू होतात. माती दाबून, पाणी मारून ग्राउंड करायचं, फक्कीने रेषा आखायच्या, चार खांबांवर हॅलोजन लावायचे. कॉमेंटेटर संध्याकाळी सातला माइक हातात घेतो, तो पहाटेपर्यंत सोडत नाही. बाद पद्धत, सगळा मामला एका रात्रीत. बक्षीस म्हणजे माणसाएवढा चषक आणि पाकिटात रोख रक्कम.

माझी आत्या या भागातली. तिचा धाकटा गावच्या टीममध्ये लेफ्ट कॉर्नर खेळतो. वय चोवीस. जवळच्याच एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहे. सेकंड शिफ्ट करून येतो, घास पोटात टाकतो आणि ग्राउंडवर जातो. दोन वर्षांपूर्वीच्या सीझनला त्याने मला बोलावलं. “ताई, पेपरमध्ये क्रिकेटचं लय लिवता. एकदा आमची मॅच बघायला ये.”

गेले. सेमीफायनलला समोर होती बाहेरून आलेली टीम. सगळ्यांचे एकसारखे ट्रॅकसूट, पायांत भारी शूज, सोबत मसाजवाला. त्यातले दोघं-तिघं कंपनीच्या टीमकडून खेळणारे, म्हणजे कबड्डी हीच ज्यांची नोकरी. आमच्या टीमच्या जर्सीवर मागे स्पॉन्सरचं नाव होतं, पण दोन जर्सींवर दोन वेगवेगळ्या वर्षांचे स्पॉन्सर. मी प्रामाणिकपणे विचारलं, “काय रे, काही चान्स आहे का?”

तो बुटाची लेस बांधत म्हणाला, “आमी जिकनार नाय कदाचित. पन त्यांना सुखानं जिकू पन देनार नाय.”

मॅच सुरू झाली आणि पहिली दहा मिनिटं मला जाम बोअर झालं. आमचे रेडर जायचे, समोरच्यांना लांबून हुलकावण्या द्यायचे, घड्याळ संपवायचे आणि हात हलवत परत यायचे. पॉइंट नाहीच. लोक ओरडायला लागले. मीही वैतागले. नंतर रात्री दोन वाजता भुर्जीपाव खाताना त्याने मला सगळं समजावून सांगितलं, तेव्हा कुठे ट्यूब पेटली.

बोअर करण्याचा फंडा

फंडा सिंपल आहे. एक रेड तीस सेकंदांची. दोन्ही टीम्सनी पूर्ण वेळ वापरला तर चाळीस मिनिटांत एकूण ऐंशीच्या आसपास रेड होतात, एका टीमच्या वाट्याला चाळीसेक. दादा टीमचा हिरो रेडर जितक्या जास्त वेळा आत येईल तितका तो मारणार. मग त्याला येऊच कमी द्यायचं. आपली प्रत्येक रेड तिसाव्या सेकंदापर्यंत खेचायची. तो नियमात बसून केलेला टाइमपास आहे.

पण असं कायम करता येत नाही. लागोपाठ दोन रेड रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करा किंवा मरा’. तिच्यात पॉइंट आणला नाही तर रेडर आऊट आणि पॉइंट समोरच्याला. लिंबूटिंबू टीमला नेमकं हेच हवं असतं. कारण समोरच्यानेही दोन रेड रिकाम्या घालवल्या की त्यालाही तिसरीला यावंच लागतं. मग तो हिरो असो की सुपरहिरो, तो कधी येणार आणि त्याला काय करावंच लागणार, हे तुम्हाला आधीच माहीत. बचाव करणाऱ्याला यापेक्षा जास्त काय हवं?

दुसरी गंमत अव्वल पकड, म्हणजे टीव्हीवरची ‘सुपर टॅकल’. ग्राउंडवर तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असताना रेडरला पकडलं तर एकाऐवजी दोन पॉइंट्स. जगात असे खेळ किती असतील, जिथे तुमची माणसं कमी झाली म्हणून तुम्हाला बोनस मिळतो? ऑफिसात तर माणसं कमी झाली की उरलेल्यांना फक्त जास्तीचं काम मिळतं!

दादा टीमला तीन जणांसमोर दोन-दोन पॉइंट्स जायची भीती असते आणि लोण चढवायची घाईही असते. लोणचे दोन पॉइंट्स जास्तीचे मिळतात ना. भीती आणि घाई एकत्र आली की चांगल्या-चांगल्यांचा पाय घसरतो.

त्या रात्री तसंच झालं. टुर्नामेंट पंधरा-पाच-पंधरा मिनिटांची, नियम प्रो कबड्डीचेच. शेवटच्या दीड मिनिटाला आमची टीम एका पॉइंटने मागे, आत तिघंच. समोरचा मेन रेडर आला. त्याने बाकीच्या दोघांकडे पाहिलं आणि आमच्या लेफ्ट कॉर्नरने त्याचा घोटा धरला. मातीत पडल्यावर त्या गड्याने मध्यरेषेकडे असा काही हात टाकला की माझा श्वासच अडकला. अर्धी वीत कमी पडली. दोन पॉइंट्स! मॅच १९-१८.

मग मी काय केलं म्हणता? शेजारच्या अनोळखी काकूंना मिठी मारली. त्यांनीही मारली.

मग पुढची मॅच असते

सिनेमा इथे संपतो. मॅचवाल्यांची रात्र संपत नाही. चाळीस मिनिटांनी फायनल होती. आमच्या पोरांच्या पायांत गोळे आलेले, लेफ्ट कॉर्नरच्या खांद्यावर बर्फ. समोरच्या टीमची सेमीफायनल लवकर आणि आरामात संपलेली. ३१-१४. पहिल्या हाफलाच दोन लोण चढले. पहाटे घरी आलो तर आत्याने चहा टाकत पहिला प्रश्न विचारला, “चषक कुठं हाय?”

लिंबूटिंबू टीम्सची ही खरी ट्रॅजेडी. दादा टीमला पाडण्यात तुमचं सगळं पेट्रोल संपतं आणि ट्रॉफी त्याच्याही पुढच्या स्टेशनवर असते.

यादीच बघा. यू मुंबाला घरी पाठवणाऱ्या यूपी योद्धाने पुढे दिल्लीलाही हरवलं, पण फायनलच्या दारात गुजरातने त्यांना ३८-३१ असं अडवलं. २००७ चे वॉरियर्स पुढच्याच राउंडला यूटाकडून ४-१ असे हरले. २०२३ ची मायामी हीट थेट फायनलला गेली, तिथे डेन्व्हरने ४-१ अशी वाट लावली. आणि प्रो कबड्डीचा दहावा सीझन आठवा. पाचव्या नंबरवरची हरियाणा स्टीलर्स. एलिमिनेटरला गुजरातला मारलं, सेमीला गतविजेत्या जयपूरला ३१-२७ असं मारलं. मग १ मार्च २०२४ ला हैदराबादच्या फायनलमध्ये समोर आपली पुणेरी पलटण, टेबलात पहिली. पलटण २८, हरियाणा २५. तीन पॉइंट्स कमी पडले.

मघाचंच गणित पुढे नेऊ. एका मॅचला ३० टक्के चान्स असलेल्या टीमला अशा तीन मॅच सलग जिंकायच्या असतील, तर चान्स तीन टक्क्यांच्याही खाली जातो. म्हणून प्रो कबड्डीत टेबल टॉपरला फार कमी लेखू नका. पहिल्या बारा सीझनपैकी २०१७ आणि २०१८ ला झोन होते, ते सोडा. उरलेल्या दहापैकी सहा वेळा टॉपरच चॅम्पियन झाला. चार वेळा पडला. २०१६ ला यू मुंबा पाटण्याकडून ३१-२८. २०१९ ला दिल्ली बंगालकडून ३९-३४. २०२२ च्या फेब्रुवारीत पाटणा दिल्लीकडून ३७-३६, फक्त एका पॉइंटने. आणि ऑक्टोबर २०२५ ला पुणेरी पलटण दिल्लीकडून ३१-२८. पण पाडणारे पाहा. तेही बहुतेक वेळा टेबलात लगेच खालचेच. दादाला पाडणारा अनेकदा दुसरा दादाच असतो.

म्हणजे उत्तर असं झालं. एक रात्र? होय, बिनधास्त. अख्खी ट्रॉफी? फारच क्वचित.

क्वचित म्हणजे कधी?

या क्वचितमधल्या दोन गोष्टी मला सांगायच्याच आहेत, कारण दोन्हींत आपली माणसं आहेत.

पहिली, जानेवारी २०१८, हैदराबाद. सीनियर नॅशनल्स. राज्याची टीम म्हणजे स्पर्धेपुरती जमवलेली मंडळी. समोर फायनलला सेनादल, म्हणजे खेळाडूंना वर्षभर एकाच छताखाली पोसणारी, घडवणारी संस्था. महाराष्ट्राच्या पुरुषांनी ११ वर्षांत हा चषक पाहिला नव्हता. ५ जानेवारीला आपण जिंकलो. स्कोअर ३४-२९, कॅप्टन रिशांक देवाडिगा.

हो, तोच. त्याच वर्षाच्या शेवटी कोचीत यू मुंबाला पाडणारा. स्कोअरही तोच, ३४-२९! मी दोनदा तपासून पाहिलं. त्याच दिवशी महिलांच्या फायनलला हिमाचलने रेल्वेला ३८-२५ असं हरवलं. आणि त्याच आठवड्यात, १ जानेवारीला, इंदूरला चंद्रकांत पंडितांच्या कोचिंगखाली विदर्भाने दिल्लीला हरवून पहिलीवहिली रणजी मारली. ते नवीन वर्ष लिंबूटिंबूंनीच साजरं केलं म्हणायचं.

दुसरी गोष्ट त्याच वर्षीच्या ऑगस्टची, जकार्ता एशियन गेम्सची. पण इथे जरा पंचाईत आहे, कारण इथे दादा टीम म्हणजे आपण. भारतीय पुरुषांनी १९९० पासूनची सातही गोल्ड्स जिंकलेली, महिलांनी २०१० आणि २०१४ ची दोन्ही. पुरुषांना सेमीफायनललाच इराणने २७-१८ असं गारद केलं. दुसऱ्या दिवशी महिलांच्या फायनलला इराण २७, भारत २४.

इराणच्या त्या मुलींची कोच होती नाशिकची, शैलजा जैन. भारतीय टीमची कोच व्हायची त्यांची इच्छा होती, ती संधी त्यांना मिळाली नाही. इराणने बोलावलं, त्या गेल्या. थोडी फारसी शिकल्या, मुलींना योगा आणि प्राणायाम शिकवला. चार वर्षांपूर्वी, इंचिऑनच्या फायनलला, इराणच्या मुली भारताकडून ३१-२१ असा सपाटून मार खाऊन गेल्या होत्या. दहा पॉइंट्सची दरी होती ती! ती भरून निघून वर तीनचा लीड आला. याला चमत्कार म्हणायचं? भारताची कबड्डी आतून-बाहेरून ओळखणाऱ्या बाईने दीडेक वर्ष घाम गाळला, त्याला मी तरी कामच म्हणेन.

रिशांकला यू मुंबा माहीत होती. शैलजाताईंना भारत माहीत होता. आमच्या लेफ्ट कॉर्नरला माहीत होतं की समोरचा मेन रेडर थकला की डावीकडून परत फिरतो. त्याने त्याच्या चार मॅच मोबाईलवर पाहिल्या होत्या, कंपनीच्या बसमधून येता-जाता. दादा टीम्सचा प्रॉब्लेम हाच असतो. त्यांचे व्हिडिओ सगळीकडे असतात. लिंबूटिंबूंचे कोण काढतंय?

पण मिळतं काय?

हा प्रश्न पॉइंट्स टेबलवाल्या पार्टीचा. आणि तो मला आता फालतू वाटत नाही. जिंकून मिळतं काय?

काहींना खरंच मिळतं. त्या नॅशनल्सनंतर चारच महिन्यांनी, मे २०१८ च्या लिलावात रिशांकला १.११ कोटी मिळाले. सिद्धार्थ देसाई ३६.४ लाखांवरून पुढच्याच वर्षी १.४५ कोटींवर गेला. टीव्हीवर आपल्याला हेच दिसतं, आणि कासूच्या पोरांनाही टीव्हीवर हेच दिसतं.

टीव्हीवर दिसत नाही ते मी सांगते. कुमार गटाचं वय विसाव्या वर्षी संपतं. त्यानंतर पुरुष गट, म्हणजे पस्तिशीच्या कसलेल्या गड्यांशी गाठ. तेवढ्यात पोलीस, रेल्वे, एखादी कंपनी, कुणीतरी खेळाडू म्हणून नोकरीवर घेतलं तर ठीक. नाहीतर सव्वीस-सत्तावीसला गुडघा कुरकुरायला लागतो, घरचे मुलगी बघायला लागतात आणि कबड्डी वर्षातून एकदा, गावच्या जत्रेला, पोटावर ताणलेल्या जर्सीत उरते. आमच्या आत्याचा ‘चषक कुठं हाय’ हा प्रश्न चेष्टेचा नव्हता. त्या रात्रीसाठी पोराने दोन शिफ्टचे पैसे सोडले होते. कॉन्ट्रॅक्टवाल्याला सुट्टीचा पगार नसतो.

अशा पोराला एका मॅचची किंमत वेगळी असते. तुमच्या-माझ्यासाठी अपसेट म्हणजे सोमवारी बोलायला विषय. त्याच्यासाठी तो इंटरव्ह्यू असतो, कुणी न बोलावता दिलेला. आपल्यासारख्याच टीमला हरवलंत तर नोंद होत नाही. दादा टीमला हरवलंत तर त्यांचा कोच विचारतो, तो लेफ्ट कॉर्नरचा पोरगा कोण? त्या रात्री त्याने खरंच विचारलं आणि फोन नंबर घेऊन गेला.

त्या गोष्टीला दोन वर्षं होत आली. फोन आलेला नाही. पण पोराने नंबर बदललेला नाही. मध्ये एकदा स्वस्तातला प्लॅन मिळत होता, नवीन सिमवर. त्याने नाही घेतला. हे मला आत्याने सांगितलं, त्याने नाही.

मी त्याला सल्ला वगैरे दिला नाही. मी स्वतः फ्रीलान्सर, माझे अर्धे मेल कुणी उघडतसुद्धा नाही. मी कुणाला काय सांगणार? फक्त यावर्षीच्या सीझनला मी मोबाईलवर त्याच्या तीन मॅच पूर्ण शूट केल्या. हाताने कॅमेरा हलतो, मध्येच माझं ओरडणं ऐकू येतं, पण त्याचा कोपरा नीट दिसतो. लिंबूटिंबूंचे व्हिडिओ कुणी काढत नाही ना, मग आपण काढू.

पुढच्या प्लेऑफला काय बघाल?

आता तुमच्या कामाचं. पुढच्या वेळी ऑफिसात पार्ट्या पडतील, तेव्हा नुसता आवाज करू नका. पहिल्या हाफला चार गोष्टी बघा.

एक, लिंबूटिंबू टीम रेडला पूर्ण तीस सेकंद वापरतेय का? वापरत असेल तर कोच हुशार आहे. बोअर झालात तरी चॅनल बदलू नका.

दोन, समोरचा हिरो रेडर बाकावर किती वेळ बसलाय? त्याने किती पॉइंट्स घेतले यापेक्षा तो किती मिनिटं बाहेर होता, हे मोजा.

तीन, लिंबूटिंबूंचे तीनच जण उरलेत तेव्हा ते एकमेकांचा हात धरून उभे आहेत की एकमेकांकडे बघतायत? हात धरलेले असतील तर दोन पॉइंट्सचा वास आलाय असं समजा.

चार, शेवटच्या पाच मिनिटांत फरक चारच्या आत आहे का? असेल तर पॉइंट्स टेबल विसरा. तिथून पुढे ८६ आणि ५७ असं काही नसतं.

आणि पैज लावायचीच असेल तर एका मॅचवर लिंबूटिंबूच्या बाजूने लावा, ट्रॉफीवर टॉपरच्या बाजूने. रक्कम वडापावापेक्षा जास्त नको. हरलात तर एकाचे पैसे जातील, जिंकलात तर समोरच्याच्या खर्चाने खाल. आणि मॅच संपल्यावर जिंकलेल्या टीममधलं एक असं नाव लक्षात ठेवा, जे तुम्ही आधी कधीच ऐकलं नव्हतं. त्या पोराने तुमच्यासाठी नसेल, पण कुणीतरी आपलं नाव विचारावं म्हणूनच तो घोटा धरलेला असतो.